खिशावर दुसऱ्याचं नाव

जाकीट मिळालं तेव्हा खिशावर
आधीच एक नाव शिवलेलं होतं : शेवंता घोडके.
"उसवू नको," दस्तगीरमामा म्हणाले,
"कापड फाटंल. आन् चारच तर म्हैने."
म्हणून श्रावणापासून मी शेवंता.
येडशी स्टेशनावरून चालत येणारे,
बार्शीकडून जीप भरून येणारे
शेवंताताई म्हणतात,
आणि मी ओ देते.

रामलिंगाच्या दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी
एक छत्री, एक टेबल,
सात चित्रांतली पाच.
दोन उंदरांनी नेली.
माझं काम सांगण्याचं.
वानरांना केळी देऊ नका, हे सांगायचं.
का देऊ नका, हेही सांगायचं.
"मारुतीरायाला नको म्हनू व्हय गं?"
असं विचारणाऱ्या आजीला न दुखावता सांगायचं.
ती ऐकून घेते, मान डोलावते,
आणि देते.
वानर निवांत सोलतं, माझ्याकडं बघतं,
माझे बी.एस्सी.चे टक्के
त्याला कुणी सांगितले असावेत.

काही जण मोबाइल पुढं करतात : ताई, आमचा फोटो.
काही जण विचारतात : बिबट्या किती वाजता येतो?
एक बाई दर सोमवारी विचारते : लग्न झालं का?

कळंबच्या शाळेची सहल आली,
एकशे बारा पोरं, दोन मास्तर.
"पटपट सांगा हं, तुळजापूर उरकायचंय."
पाच मिनिटांत जंगल.
धावडा, सालई, खैर,
मुंगसाचं बीळ, सायाळीचा काटा,
काटा हातोहात फिरून
परत आला तेव्हा अर्धा होता.
मग गिधाडाचं चित्र काढलं,
आणि मागून एकजण ओरडला,
"ह्यो जटायू!"

हो, म्हटलं. इथंच पडला म्हणतात.
इथंच रामानं बाण मारून त्याला पाणी पाजलं.
"मग आता कुठंयत?"

पुस्तिकेच्या अकराव्या पानावर उत्तर आहे.
गुरांना दुखण्याचं इंजेक्शन देतात,
गुरू मेलं की औषध मांसात राहतं,
गिधाड ते खातं.
मी पानावरचं अवघड नाव गाळून
सोप्पं करून सांगितलं.
इतकं सोप्पं करायला नको होतं.

तो पोरगा, शर्टाला तीनच गुंड्या,
थोडा वेळ गप्प राहिला.
"आमच्या म्हशीला दिलतं.
बाबानी. माजल्या वर्षी.
मंजी आमच्यामुळं मेला का जटायू?"

पुस्तिका तिथं संपते.
पुढचं पान अभिप्रायाचं.

"म्हशीचं लई दुखत होतं का?" मी विचारलं.
"लई," तो म्हणाला. "वरडायची रातभर."
"मग?"
"मग काय. मेलीच."
शिट्टी वाजली. एकशे बारा पोरं
तुळजापूरकडं पळाली.

त्या संध्याकाळी पेन शोधताना
जाकिटाच्या आतल्या खिशात,
ज्याचा मला दोन महिने पत्ताच नव्हता,
घडी घातलेला कागद सापडला.
शेवंताचं अक्षर, बारीक, डावीकडं कललेलं :
धबधब्याचं पाणी रात्री बंद करता का?
साप आपल्याला ओळखतो का?
तुम्हाला पर्मनंट कधी करणार?
नुसते प्रश्न.
कागद संपत आला होता. मी समासात
उभं लिहिलं : म्हैस, इंजेक्शन, जटायू.
कळंब, इयत्ता चौथी.
नाव विचारायचं राहिलं होतं.

दिवाळीनंतर पाणी आटलं,
पायऱ्यांवर फक्त पुजारी आणि पानं.
मी जाकीट धुतलं, कागद आधी काढून,
नंतर परत ठेवून.
दस्तगीरमामांनी रजिस्टर उघडलं,
चष्मा वर सारला,
आणि मला न विचारता
खिशावरचं वाचून लिहिलं :
घोडके शेवंता. जाकीट एक. चेन बरी.
"फुडल्या साली येनार का?"
"जाहिरात निघाली तर."
"निघंल की. निघती दरसाल."

मी सही करत होते तेव्हा
वरून केळ्याची एक साल पडली,
टेबलावर नाही,
जरा बाजूला.