धरून ठेवा

सकाळपासून स्टीलच्या ट्रेमध्ये जमत जातात
दंडावरचे, कमरेचे, गुडघ्याखालचे.
चामड्यात शिवलेले, घामाने काळे पडलेले,
एकाला तर अजून माशाचे खवले चिकटलेले.
दुपारी ज्याचे त्याला परत. एखादा राहतोच.
तो मी ड्रॉवरमध्ये ठेवते. फेकवत नाही.

मासांबा सार मात्र सदरा काढून उभा राहिला
आणि गळ्यातल्या दोरीवर त्यानं हात ठेवला.
हा नाही.
मी म्हटलं, बाबा, फोटोत येतो तो.
येऊ दे की. सत्तावन्न वर्षं समुद्रात आला,
तुझ्या फोटोत यायला त्याचं काय जातंय?

आमच्या बोलीत पुस्तकाला आणि ह्याला शब्द एकच: तेरे.
फरक एवढाच, की हे उघडायचं नसतं.
उघडलं की उरतो नुसता कागद.

पाटीला छाती टेका. थंड लागेल. हनुवटी वर.
श्वास घ्या. धरून ठेवा.
शिशाचा एप्रन सावरत मी भिंतीमागे गेले.
माझ्या छातीवर एक बिल्ला असतो, काडेपेटीहून लहान.
तो काही अडवत नाही, किती लागलं ते मोजतो.
तीन महिन्यांनी डाकारला जातो, तिथं कुणीतरी तो वाचतं.

पडद्यावर फासळ्या उमटल्या,
गेत न्दारच्या वाळूत अर्धी बांधून सोडलेली होडी.
चामडं नाही, दोरी नाही, कागद तर नाहीच;
अक्षरांची सावली पडत नाही.
फक्त एक गळ.
जुना, हातानं ठोकलेला, टोक आत मुडपलेलं.
गळ्यात गळ घालून हा माणूस
जन्मभर मासे पकडत राहिला.
कुणी ठेवला असेल? शिवणाऱ्यानं? आईनं?
आणि त्याच्यापासून चार बोटं वर, उजवीकडे,
आणखी काहीतरी. पांढरट. कडा नसलेलं.

बटणं लावता लावता त्यानं विचारलं,
आतलं दिसलं का गं?
कुठल्या आतलं, ते बोलला नाही.
मी म्हटलं, मशीनला हाडं तेवढी कळतात.
बरंय मग, म्हणाला. दिसलं की त्याची ताकद जाते.

फिल्म पाकिटात घातली. तोंड चिकटवलं.
वर डॉक्टरांचं नाव लिहून त्याच्या हातात दिलं.
हे मधे उघडायचं नाही हं, बाबा.
त्यानं ते सदऱ्याच्या आत सरकवलं,
वरून एकदा थोपटलं.
सवय आहे मला, म्हणाला.