तारी

बॅनरवर नावं चार, फोटो तीन.
चौथ्या चौकटीत नुसतंच डॉ. सुलभा तारी,
फोटो पाठवायचा मीच विसरले होते.
शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी
कौलांच्या फटीतून उतरलेली उन्हाची काठी,
तिच्यात खडूची धूळ, बहुतेक आमच्याच वेळची.

आधी उल्हास प्रभुखानोलकर. पुणे. हृदय.
पडद्यावर बाण: बारावी, मग परीक्षा, मग एमबीबीएस,
मग एमडी, मग डीएम, मग एक रुग्णालय,
सगळी काच.
बाण सरळ. कुठेच वळत नव्हते.
बेडकाच्या तासाला खिडकीतून उडी मारून
पळाला होता तो हाच;
ते त्याच्या बाणांत नव्हतं.
मग इनास डिसोजा. मडगाव. हाडं.
म्हणाला, मी सुताराचा मुलगा,
अजून करवतच चालवतो. मुलं हसली.
मग शबाना खतीब, रत्नागिरी, बाळंतपणं:
रात्री अडीचला उठता येत असेल तरच या.
कुणी हसलं नाही. मुलींनी लिहून घेतलं.

मग मी.
हेडसर म्हणाले, ह्यासुद्धा डॉक्टरच आहेत.

मी भूल देते, म्हटलं.
पेढे सर्जनला मिळतात. मला कुणी ओळखत नाही,
कारण माझ्याशी बोलता बोलताच
माणसं झोपतात.
दहापासून उलटे आकडे मोजायला लावते,
सहाच्या खाली अजून कुणी उतरलेलं नाही.
खरं तर लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं.
यादीत माझा नंबर लागेस्तोवर त्या जागा भरल्या,
उरलं होतं ते घेतलं.
हेडसरांनी घड्याळात पाहिलं.
हे सांगायचं नसतं, बहुतेक.

मागच्या बाकावरून एक हात. नववी ब.
"बाई, भूल दिल्यार माणूस खंय जाता?"
हशा पिकला. तो हसला नाही.

माझा बाप ह्याच खाडीवर तर मारायचा,
पूल होईपर्यंत. आडनाव काय उगीच नाही पडलं.
वऱ्हाडं, भाताची पोती, पोस्टमनची सायकल,
एकदा अख्खा दशावतार, पेटाऱ्यासकट.
म्हणायचा, "न्हेवक कोणय न्हेयत.
परत हाडूक येवक व्हया."
भाडं परतीलाच घ्यायचा, दोन्ही वेळचं.

त्या मुलाला मी म्हटलं,
"खंय जाता ता माका म्हायत नाय.
हाडतंय मात्र मीच."
इतक्या वर्षांत माईकवर पहिल्यांदा मालवणी.
टाळ्या पडल्या. उल्हासच्या बाणांनाही
इतक्या पडल्या नव्हत्या, आणि मला लाज वाटली.

कारण एकजण पलीकडेच राहिला,
हे मी सांगितलं नाही.
थिएटरबाहेर त्याच्या चपला,
डावीचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला.
संध्याकाळी बायको न्यायला विसरली.
चार दिवस मी त्यांना वळसा घालून जात होते,
पाचव्या दिवशी झाडूवालीने विचारलं, टाकू?
अकरा वर्षं झाली.
ह्याला कुठला बाण काढायचा?

शाल, श्रीफळ, काजूचं पाकीट.
गाडीपर्यंत नारळ घेऊन तोच मुलगा आला,
दर्पण केळुसकर, पायात नवे बूट,
फक्त आजच्यासाठी घातलेले, चावत असावेत.
नारळ डिकीत ठेवला. डिकी लावली.
मग हात डिकीवरच ठेवून म्हणाला,
"सोमवारी माझी आये ओरोसाक. पोटाचा आपरेशन."

म्हणजे प्रश्न करिअरचा नव्हताच.

सोमवारी मीच आहे, म्हटलं.
त्याने मान हलवली, हात काढला नाही.
धीराचं काहीतरी बोलायला हवं होतं, मला सुचेना.
तोंडून निघालं ते रोजचंच:
नाव काय तिचं? दम्याचा त्रास?
एखादा दात हलतो का?

त्याने खूप विचार केला.
डोळे मिटून, आईचं तोंड आठवत.
"एक," म्हणाला. "खालचो. उजवीकडचो."

मी काजूच्या पाकिटावर लिहून घेतलं.