पाऊण इंच

राजेशमच्या डायहाऊसमध्ये मरून बिघडला
तेव्हा मला फोन आला.
टॉवेलांना पट्टे. एक हात गडद, दुसरा विटका,
आणि कुणी रात्रभर कडी वाजवावी
तशी पाइपातून टकटक.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, एप्रिल.
बाहेर त्रेचाळीस; बॉयलरपाशी किती ते विचारू नये.
सायबण्णा म्हेत्रे स्टुलावर, मांडीवर कडक भाकरी मोडत:
"उघडतंय अन् मिटतंय, उघडतंय अन् मिटतंय.
व्हॉल्व्ह हाय का पापणी बे ही?"

मी गेज पुसला. सात.
गेज हवेला धरत नाही, आपण धरायचं:
सात नि एक आठ.
जन्मभर डोक्यावर असते,
तिचा आकडा काच शून्यच दाखवते.
खाली टाकीच्या कॉइलला तीन पुरे, म्हणजे चार.
मधले चार व्हॉल्व्हने खायचे असतात.
खाऊ द्यावेत.
दाब पडल्याशिवाय ताबा येत नाही.

आणि खालचा दाब निम्म्याजवळ आला
की अरुंद जागेत वाफ आवाजाच्या वेगाला टेकते.
मग पलीकडे कितीही रिकामं करा, कितीही ओढा,
एक किलोही जास्त येत नाही.
तिथे फक्त वरचा आठ बोलतो, आणि भोक.

तासाला चारशे ऐंशी किलो वाफ.
बारा आठे शहाण्णव.
शहाण्णवने भागलं: पाच.
भाग असा निःशेष गेला की मला संशय येतो,
म्हणून शेड कार्डाच्या पाठीवर पुन्हा मांडलं.
पाचच.
केव्ही पाच हवा होता, बसवलेला छत्तीसचा.

पाइप दोन इंची, म्हणून व्हॉल्व्ह दोन इंची.
वाढत्या अंगाचा सदरा शिवतात तसा.
अंग काही वाढलं नाही.
तो सीटवरून सूतभर उठतो
आणि सूतभरच खूप होतं.
फटीतून वाफ सुरीसारखी जाते, सीटवर नाल्या कोरते,
टाकी उकळते, तो दचकून मिटतो,
टाकी निवते, तो पुन्हा उठतो.
मरूनला हुडहुडी भरते, मग ताप.

"कुणी बसवलाय हा?" राजेशम मराठीत म्हणाला,
एरवी तो तेलुगूत चिडतो.
जुनी फाइल निघाली. शाई फुटलेली.
मापाच्या रकान्यात: *लाइनप्रमाणे.*
खाली सही.

माझी.
अकरा वर्षांपूर्वीची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट.
"पुढं धंदा वाढला तर?" असं त्याने विचारलं होतं,
आणि मी मान डोलावली होती.

माझ्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं.
वडिलांनी सगळ्यांच्या अर्ध्या इंचाशेजारी
हौसेने एक इंची पाइप टाकला होता.
धार तेवढीच आली.
हंडा धरून तासभर उभा राहायचो मी तिच्यापुढे.
उभाच राहिलो.

सायबण्णाने सही पाहिली, मला पाहिलं,
भाकरीवर शेंगाचटणी ठेवून अर्धी माझ्यापुढे केली.
बोलला काही असता तर बरं वाटलं असतं.

नवा आला तो पाऊण इंची.
दोन रेड्यूसरांच्या मध्ये,
पहिलवानांच्या फोटोत उभं राहिलेलं पोर.
राजेशम त्याच्याभोवती दोनदा फिरला.
"एवढासाच?"

वाफ सोडली.
दांडा वर गेला, तेरा आणे, आणि तिथेच राहिला.
नीट पाहिलं तर हलत होता,
झोपलेल्याचं पोट हलतं तितका.

टकटक थांबली.
मग पंप ऐकू आला, पलीकडचे माग,
कुणाच्या तरी मोबाइलची रिंग.
"आता झोप लागायची नाही बे मला," सायबण्णा म्हणाला,
"लई सवय झालती."

नव्या कागदावर आधी वाफ लिहिली,
मग वरचा दाब, खालचा दाब, केव्ही,
पाइपचं माप सगळ्यात शेवटी.
सहीचं शेपूट तोडलं.

जुना व्हॉल्व्ह डायहाऊसच्या दाराला लावून ठेवलाय,
वाऱ्याने आपटू नये म्हणून.
तिथे तो अगदी मापाचा आहे.