घसारा

मे महिन्यातल्या एका मंगळवारी ओमाहात
लिंबाएवढ्या गारा पडल्या, अकरा मिनिटं.
मी मोजली. मोजण्याखेरीज
करण्यासारखं काही नव्हतं.
वाफ्यातली मेथी गेली, गाडीची काच गेली,
आणि छप्पर, खालून पाहिलं तर,
जसंच्या तसं.

शनिवारी डॅरेल ह्रुस्का आला, विमा कंपनीचा माणूस,
गुडघ्याला पट्टा, शिडी स्वतःची.
वर चढला आणि खडूनं
एकेका माराभोवती गोल काढत सुटला.
मी अंगणात मान वर करून उभी,
सांगलीच्या शाळेत फळ्याकडे बघायचे तशी.
उतरून म्हणाला, "मार आहे. भरपूर आहे."
मला वाटलं, चला, पास झालो.

मग पॉलिसी काढली.
एकोणीस वर्षं हप्ते भरले,
आतलं एक पान वाचलं नव्हतं.
मुकुंद वाचायचा. म्हणजे, वाचतो म्हणायचा;
त्याच्या पेन्सिलीच्या खुणा चौथ्या पानापर्यंतच आहेत.
पानं बेचाळीस.

घर तीन लाख दहा हजारांचं, असं लिहिलंय.
शेजारचं कोवाल्स्कींचं विकलं गेलं साडेचारला.
एजंट लोरेनला फोन केला, हा कसला हिशोब?
म्हणाली, यात फक्त बांधायचा खर्च धरतात,
जमीन जळत नाही, हनी.
पोळ्या लाटताना दिवसभर तेच:
जमीन जळत नाही, हनी.

पाण्याचं प्रकरण वेगळंच.
वरून आलं, तर पाणी.
नळ फुटून आलं, तरी पाणी.
जमिनीवरून चालत आलं की तो पूर,
त्याची पॉलिसी दुसरी, दुकानही दुसरं.
आणि गटारातून उलटं तळघरात आलं तर
वर्षाला पंच्याऐंशी डॉलर जास्तीचे भरलेत का?
नव्हते भरले.
देवाची करणी आणि नारळात पाणी, आई म्हणायची;
नारळात ते कुठून शिरलं
हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

छपराचं असं:
नवं घालायला एकोणीस हजार चारशे.
पण आमचं चौदा वर्षांचं, आयुष्य धरलंय वीस,
म्हणजे दहातले सात भाग
उन्हानं आणि बर्फानं आधीच खाल्लेले.
हा घसारा.
उरले पाच हजार आठशे वीस.
त्यातून आधी आपला वाटा, गारांसाठी निराळा,
घराच्या रकमेच्या दोन टक्के: सहा हजार दोनशे.
मी तीनदा वजाबाकी केली.
तिन्ही वेळा तीनशेऐंशी,
उलट्या बाजूला.

"म्हणजे मीच तुमचं देणं लागते?"
डॅरेल हसला नाही. चांगला माणूस.
"नाही मॅम. शून्य.
शून्याच्या खाली आम्ही जात नाही."

रात्री ईशानीचा फोन, पोर्टलंडहून.
सगळं कव्हर्ड आहे ना, आई?
म्हटलं, घर आहे. त्याचं वय नाही.
म्हणजे?
म्हटलं, जेवलीस का.

सामानाची यादी करून ठेवायची असते,
फोटोसकट, सालासकट. बसले करायला.
ड्रिल मशीन. शिलाई मशीन, चालू.
बोलिंगचा चेंडू, चौदा पौंडी, निळा,
तीन भोकं मुकुंदच्या बोटांच्या मापाची.
आजची किंमत?
मी माझी बोटं घालून पाहिली. सैल.
रकाना सोडून पुढे गेले.

नूतनीकरणाचं पत्र जूनमध्ये आलं.
हप्ता सातशे तीस डॉलरनं वाढलाय,
कारण आमच्या भागात गारा पडतात.
सही केली. ते पंच्याऐंशीही घातले या वेळी,
गटाराचे.

काल रात्रभर पाऊस होता.
खडूचे गोल धुऊन गेले असतील.
वर जाऊन बघितलं असतं,
पण शिडी डॅरेलची होती.