चोना

उद्यमनगरात, लेथच्या घरघरीला पाठ लावून
मौला शिकलगारांचा भाता अजून हातानं चालतो.
मी त्यांच्यापुढं चित्र धरलं:
जपानी सुताराचा वाकस. तिकडं त्याला चोना म्हणतात.
चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघितलं त्यांनी.
"पातं कळलं. पर दांडा आसा बगळ्याच्या मानंगत का?"

धारेला ट्रकचा तुटका पाटा,
अंगाला बैलगाडीची जुनी धाव.
कडक आणि मऊ एकाच आगीत बसवायचं,
मधे चिमूटभर टाकणखार,
आणि घण. ठोके मोजायचे नाहीत, ऐकायचे.
"दोगांचा आवाज एक झाला की थांबायचं."

पाणी पाजायला दिवस मावळू दिला.
उजेडात लोखंड रंगाचं खोटं सांगतं.
काळोखात धारेवर काकवीचा रंग सरकत आला
आणि चर्र!
दोघंही एकदम खोकलो.

तीन पाती घडली. "निवड तुझी तू."
पहिलं नखावरून घसरलं.
दुसरं टिचकीला बद्द बोललं,
आत कुठंतरी सांधा सुटलेला.
तिसरं वाजलं, वाजतच राहिलं,
पलीकडचा लेथवाला पोरगा मशीन बंद करून बघायला आला.

दांडा मात्र भट्टीत होत नाही.
कापून वाक काढला तर लाकडाच्या रेषा तुटतात,
चार घावांत मोडतो.
फांदी जिवंत असतानाच वळवावी लागते.
गगनबावड्याच्या वाटेवर, मामीच्या बांधावर,
अंगठ्याएवढी धामण काथ्यानं बांधून आले.
दोन वर्षं.
मधे मौलाभाईंचा उजवा हात थरथरू लागला.
मधे मामीनं त्या फांदीवर पोतेरी वाळत घातली.
काथ्या सोडला तेव्हा
फांदी तशीच राहिली.

माप घेतलं ते माझ्या उंचीचं:
उभं राहून हात सैल सोडला
की धार घोट्यापाशी यावी.

फणसाच्या तुळईवर पहिला दिवस.
पाय फाकवून, पात्याला आपल्याकडं ओढत,
खवल्यामागं खवला, माशाच्या अंगासारखा.
ढलप्या पायांशी, पिवळ्या, चिकट वासाच्या.

"पोरीच्या जातीनं वाकस धरू नये,
पाय जातो," असं म्हणत आलेले आबा
संध्याकाळी दुकानात आले.
तळवा तुळईवरून फिरवला. परत फिरवला.
मग चोना उचलून, तोलून,
"दांडा आखूड झालाय."

मला नाही, म्हटलं.