एक ताणा कमी

वडगावात, इरण्णा धोत्र्यांच्या मागांच्या शेडमध्ये
जुना संगणक गेल्या पंचमीला गेला.
थोडा धूर, मग काहीच नाही.
नवा म्हणून मिळाला तो कॉलेजनं मोडीत काढलेला,
त्यात विंडोज नाही. लिनक्स.
"काय का असंना," इरण्णा म्हणाले,
"काठ काढता आला म्हणजे झालं की."

काठ काढायचा प्रोग्रॅम हळगेकरांनी लिहिलेला,
चौदा वर्षांपूर्वी, रात्री बसून, पैसे न घेता.
पडद्यावर चौकटींचा कागद यायचा,
माउसनं एकेक घर काळं करायचं,
खालचं बटण दाबलं की
जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं कुठं पाडायची
त्याचा हिशेब छापून बाहेर.
हळगेकर आता कुठं असतात
कुणी हुबळी सांगतं, कुणी वास्को.
त्यांचा पेनड्राइव्ह मात्र गल्ल्यात होता,
रबर गुंडाळून, सुट्या नाण्यांत.

मी कंपाइल करायला बसले.
पहिल्या फटक्यात दोनशे सोळा चुका.

प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारी एक खूण:
तिकडे लागते, इकडे खुपते.
वाटा दाखवणाऱ्या तिरक्या रेघा
सगळ्या भलत्या अंगाला कललेल्या.
एका फाइलचं नाव इथं मोठ्या अक्षरानं, तिथं लहान,
तिकडे खपून जायचं;
हा नवा पहारेकरी म्हणतो, हा तो नव्हे.
(मला आमचं रेशनकार्ड आठवलं.
मराठीतून कन्नडात, कन्नडातून पुन्हा मराठीत,
आईचं नाव तीन कागदांवर
तीन वेगळ्या बायकांचं.)

हळगेकरांनी खिडकी, बटण, रंग
सगळं तिथल्या घरमालकाकडं मागितलेलं, हक्कानं.
इथं तो मालकच नाही.
दुसरी लायब्ररी आणली,
तिच्याकडं तेच मागायचं, पण तिच्या रीतीनं:
आधी डबा, डब्यात डबा,
मग त्यात बटण.
दोन दिवस त्यातच गेले.

शेजारी माग चालू. लाईट गेली
की सगळे एकदम थांबतात,
आणि तेव्हा कळतं
आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो.

"आतेनवा तंगी?" दारातून इरण्णा.
"इन्नू इल्ल, काका."
चहा ठेवून जातात. कपावर बशी झाकून,
सूत उडतं म्हणून.

शुक्रवारी साडेचारला एकही चूक उरली नाही.
मला ते खरं वाटेना. पुन्हा चालवलं.
खिडकी उघडली:
बटणांवर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.
फॉन्ट घातला, तर 'छापा' मधला 'पा'
बटणाच्या बाहेर सांडला.
पण कागद आला. घरं आली. काळी झाली.

"बंतु नोड," म्हणत इरण्णा बसले,
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकेल इतके जवळ.
रुईफुलाचा काठ काढला. हात हलला नाही.
मग बोटानं घरं मोजली, कन्नडात, पुटपुटत,
आणि मराठीत म्हणाले,
"एक ताणा कमी आहे."

मी म्हटलं, नसेल.
त्यांनी पुन्हा मोजलं नाही. नुसते बसून राहिले.

रात्री जुनी प्रत उघडली. ओळ चारशे बारा.
रुंदीत एक मिळवलेला, आणि पुढं
हळगेकरांच्या हातची टीप:
'इथे एक वाढवला आहे. का, ते विचारू नये.
काढू नये.'
मी तो पहिल्याच दिवशी काढला होता,
शहाणपणानं.

परत घातला.
एक्कावन्न घरं भरली, शेवटची पाकळी मिटली.
सकाळी इरण्णांनी काही न बोलता कागद नेला,
पुठ्ठे पाडायला बसले.

त्यांच्या टिपेखाली मी एक ओळ लिहिली:
'लिनक्सवरही लागतो.
मलाही माहीत नाही.'