वजनकाटा

जिथं खनिजाचे ट्रक तोलले जायचे
त्या सावर्ड्याच्या काट्यावर
आनिसेतची बिनटपाची लाल गाडी.
श्रीपाद गांवकर चष्मा वर सरकवतो:
आठशे दहा, चालकासकट.

आठशे वीसच्या खाली म्हणजे वरचा वर्ग,
मऊ टायरवाले, टर्बोवाले;
तिथं आनिसेत शेवटून पहिला.

दहा किलोंसाठी
तो मांडीवर पाना-पेटी घेतो, पाण्याची बाटली,
भाच्याचं दप्तर.
स्टेपनी त्यानंच काल काढून घरी ठेवली,
वेगासाठी.

"बावीस वर्षं," श्रीपाद म्हणतो,
"सगळे हळूच सांगायचे, थोडं कमी लिही.
जास्त लिही म्हणणारा तूच पहिला रे बाब."

फटीतली तांबडी माती तो नखानं उकरतो,
दप्तर खाली ठेवायला लावतो
आणि लिहितो
आठशे दहा.